तिघांचा फोटो

सकाळच्या फोटोत दगडाला नाक आलं आणि कुमुदचं गेलं.

अच्युतरावांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. मग मान वर करून कठड्यापाशी मुला-सुनेच्या मध्ये उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिथेही नाक नव्हतं. दोन्ही गाल मध्ये येऊन मिळाले होते, आणि त्यांच्यावर चष्मा कशाच्या जोरावर थांबला होता, देव जाणे.

“कसा आलाय?” कुमुदने विचारलं.

“जरासा हललाय.”

“तुमचं नेहमीचंच.”

दगड तिनेच उचलला होता. काल घाट चढून आल्यावर मुलाने, मंदारने, गाडी थांबवली आणि म्हणाला, “बाबा, आम्हा तिघांचा काढा.” तिघं म्हणजे तो, त्याची बायको ऋजुता आणि कुमुद. अच्युतराव धरले तर चौघं होत होते, पण फोटो काढणाऱ्याला कुणी मोजत नाही. कुमुदच्या माहेरी तिघांनी मिळून कधी शुभकार्याला पाऊल टाकलं नव्हतं. चौथा म्हणून एखादा खडा तरी पदराला बांधायचेच. फोटोचंही तेच. तिघांच्या फोटोत मधलं माणूस टिकत नाही, असं तिची आई म्हणायची. तेव्हा तिने रस्त्याकडेचा नारळाएवढा काळा दगड उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तान्ह्या पोरासारखा कडेवर घेतला.

“झाले चार. काढा आता.”

त्या फोटोत दगड सुरेख आला. अंगावरची बारीक छिद्रंसुद्धा मोजून घ्यावीत. कुमुद तेवढी धूसर आली, आणि गाडीत बसल्यावरही तशीच राहिली. मागच्या काचेतली झाडं तिच्या खांद्यातून दिसत होती.

“आई, फिक्या दिसताय,” ऋजुता म्हणाली. “कुंकू जरा मोठं लावा.”

अच्युतरावांनी सहलीसाठी वाचनालयातून छायाचित्रणावरचं पुस्तक आणलं होतं. प्रकाश पाठीशी घ्यावा, नेम डोळ्यांवर धरावा, श्वास रोखून बटण दाबावं, असं त्यात होतं. दगडाबद्दल काही नव्हतं. आज सकाळी त्यांनी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं होतं, आणि नाक गेलं होतं.

“आता फोटो पुरे करू या का?” त्यांनी विचारलं.

“वा! पुस्तक वाचून पोहायला निघाले, नि घोट्याएवढ्या पाण्यातून परत फिरले!” कुमुद म्हणाली. “आजवर तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोत माझा अर्धा कान, नाहीतर नुसता पदर. एकदा तरी मला अख्खी काढा की हो. उद्या परत जायचंय.”

तिचं खरं होतं. वाईट फोटोंनी ती गेली असेल, तर चांगल्या फोटोनेच परत येणार, हे अच्युतरावांना स्वच्छ दिसत होतं. चांगला फोटो आपल्या हातून निघेल, हे मात्र दिसत नव्हतं. आणि उद्या गाडीत ती जेवढी बसेल तेवढीच घरी पोचणार होती.

“निदान दगड तरी खाली ठेव.”

“म्हणजे तिघं होऊ. मध्ये मी आहे, विसरलात?”

त्यांनी ऊन पाठीशी घेतलं. नेम तिच्या डोळ्यांवर धरला, श्वास रोखला. बटण दाबता दाबता कॅमेरा आपला आपणच दगडाच्या नाकाकडे वळला.

“कसा आलाय?” दगडाने विचारलं.

आवाज कुमुदचाच होता, थोडा घसा बसल्यासारखा. तिच्या चेहऱ्यावर आता तोंड उरलं नव्हतं. ती चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होती, एरवी बघायची तशीच वैतागून.

दुपारी खानावळीत वाढप्याने चार ताटं आणली आणि चौथं दगडापुढे ठेवलं. कुमुदला कुणी विचारलं नाही. अळूचं फदफदं खारट झालंय, असं दगड म्हणाला.

“ताक घे ना, आई,” मंदारने वाटी दगडापुढे सरकवली.

अच्युतरावांनी ताटावर भांडं आपटलं. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. “ती आई नाही! आई इकडे आहे!”

“कुठे?”

खुर्चीत एक चष्मा होता, हिरवी साडी होती आणि मांडीवर ठेवलेले दोन हात होते.

“चिडताय कशाला बाबा?” मंदार म्हणाला. “फोटो तुम्हीच काढलेत.”

अच्युतरावांनी भात कालवला.

संध्याकाळी सगळे सूर्यास्त पाहायला कड्यावर गेले. ऊन मऊ झालं होतं. पुस्तकात या उन्हाची फार स्तुती होती. अच्युतरावांनी कॅमेरा गळ्यातून काढला.

“दगड नको. चौथा मी उभा राहतो.”

“तुम्ही?” ऋजुताला हसू आलं. फोटोत हातांचं काय करायचं हे सासऱ्यांना ठाऊक नसतं, हे तिलाही माहीत होतं. “मग काढणार कोण?”

कड्यावर माणसं पुष्कळ होती, पण प्रत्येकासमोर त्याचं त्याचं कुटुंब उभं होतं. अच्युतरावांनी “जरा ऐकता का” असं दोनदा म्हणून पाहिलं. कुणी वळलं नाही. रिकामा असा दगडच होता. मंदारने त्याला कठड्यावर ठेवलं आणि कॅमेरा दिला. दगडाने तो घट्ट धरला. जराही हलत नव्हता.

“अहो, डावीकडे सरका,” दगड म्हणाला. “अजून. आता खांद्याला खांदा लावा. आणि हलू नका.”

अच्युतराव हिरव्या साडीला लागून उभे राहिले. आधी नुसतं कापड लागलं. मग कापडाखाली हाड लागलं, मग हाडावर मांस. बांगड्या किणकिणल्या. डोळ्याच्या कडेला नाकाच्या शेंड्यासारखं काही आलं, पण त्यांनी नजर समोर ठेवली. आपण हललो की फोटो हलणार, आणि त्यांचे फोटो हलतच आले होते.

“काढला का हो?” कुमुदने हळूच विचारलं. घसा अगदी मोकळा होता.

“बोलू नकोस,” ते ओठ न हलवता म्हणाले.

त्यानंतर दगड काही बोलला नाही. सूर्य गेला. इतर कुटुंबं फोटो आटोपून गाड्यांकडे निघाली. मंदार आणि ऋजुता हसत उभेच होते. कुमुदने मान वळवली असावी, कारण अच्युतरावांच्या गालाला बडीशेपेच्या वासाचा ऊन श्वास लागला. ते समोर बघत राहिले. दगडाने अजून बटण दाबलं नव्हतं.