घट्ट दुपटं

थोरल्या सिस्टर दुपटं असं गुंडाळायच्या, की नुसता चेहरा दिसावा. पाठीचा कणा उघडा राहिलेलं बाळ मेलेलं जन्मलं, की पाठीवर कापूस ठेवायचा, वर दुपटं घट्ट आवळायचं आणि आईला सांगायचं, "बाळाने श्वासच घेतला नाही गं." प्रसूतिगृहातल्या सगळ्याजणी हे त्यांच्याकडूनच शिकल्या. हेतू चांगलाच होता. व्यंग दिसलं की घर बाईवर तुटून पडतं. नवऱ्याच्या घराण्यात कधी खोट नसते, हे तर जगजाहीर! झाकली मूठ सव्वा लाखाची. वर कळवतानाही तेवढंच कळवायचं, मृत जन्म.

मागे आरोग्य खात्याचे डॉक्टर व्यंगांची मोजणी करायला आले होते.

"कणा उघडा असलेली बाळं येतात का तुमच्याकडे?"

"छे हो!" सिस्टर म्हणाल्या.

"नशीबवान आहात. जिथे जास्त येतात, तिथल्या गिरण्यांत पिठात फॉलिक ॲसिड मिसळायचं ठरलंय, बाळाचा कणा नीट मिटावा म्हणून. मग तुमचं गाव वगळतो."

सिस्टरांनी त्यांना चहा पाजला आणि विषय संपला.

आज सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्यांची सून बसली होती. पोटातल्या बाळाचा कणा उघडा होता. मुलगा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"माझंच काहीतरी चुकलं," सून म्हणाली. "पण आई, कळल्या दिवसापासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या हो मी."

"कळेपर्यंत कणा मिटायची वेळ टळून गेलेली असते गं. ते आधीपासून पोटात जावं लागतं. रोजच्या खाण्यातून."

सुनेने त्यांचा हात धरला. "तुम्ही एवढी बाळंतपणं केलीत. असं कधी पाहिलंत?"

'छे गं' अगदी जिभेवर आलं होतं. पण पोरीचा चेहरा बघवेना.

"पाहिलंय. पुष्कळदा."

"पुष्कळदा? म्हणजे माझी चूक नाही?"

"नाही गं बाळा. तुझी मुळीच नाही."

सून रडली, जरा मोकळी झाली. मग डोळे पुसता पुसता थांबली.

"मग तुम्ही कुणाला सांगितलंत, आई?"

"कुणालाच नाही."

सुनेने आपला हात हळूच सोडवून घेतला.