भीतीदायक विभागातली मावशी

निकालाचा मेसेज आला तेव्हा धांदल बसस्टॉपवर उभी होती. घरात सगळे तिला धांदल म्हणत, कारण ती कुठलंही काम शेवटच्या पाच मिनिटांत उरकायची. कॉलेजच्या छायाचित्र स्पर्धेत, 'भीतीदायक' विभागात तिचा फोटो पहिला आला होता. आनंदानं ओरडणार, एवढ्यात तिनं मेसेजसोबतचा फोटो उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

फोटो मावशीचा होता.

तिनं दोन फोटो पाठवले होते. भीतीदायक विभागासाठी रिकाम्या जिन्यात लटकणारा ओला रेनकोट आणि 'मुक्त कल्पना' विभागासाठी मावशी. घाईघाईत फॉर्म भरताना दोन्हींची अदलाबदल झाली होती.

मावशी शिवणकाम करायची. धांदलला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ती उठली, तर अर्धा चेहरा लुळा पडलेला, डोळाही मिटेना. औषधांनी डोळा मिटायला लागला, पण ओठाची डावी बाजू खाली ओढलेलीच राहिली. तेव्हापासून मापं घेताना ती गिऱ्हाइकाकडे बघायची नाही, टेपकडे बघायची. फोटोचं तर नावच काढायचं नाही. हा एक मात्र धांदलनं स्पर्धेसाठी महिनाभर मिनतवाऱ्या करून मिळवला होता. मशीनवर वाकलेली मावशी, दातांत दोरा, आणि कशाचं तरी हसू आल्यामुळे उजळलेला अर्धा चेहरा.

घरी पोचली तर मावशी नव्या कुर्त्याला बटणं लावत बसलेली. "उद्या तुझ्या स्पर्धेच्या प्रदर्शनाला हाच घालते," ती म्हणाली. "लागला का गं निकाल?"

"नाही अजून."

"मग चेहरा का असा? पोटात दुखतंय?"

"हो, थोडं."

मावशीनं उठून ओवा-पाणी दिलं. धांदलनं ते मुकाट्यानं घेतलं. स्पर्धेच्या मॅडमना तीनदा फोन केला, तो कुणी उचलला नाही. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं, पण मावशी कुर्ता अंगाला लावून आरशासमोर उभी होती. किती महिन्यांनी ती आरशासमोर उभी राहिली होती! धांदलची जीभ उचलेना.

सकाळी "मी पुढे होते, तू अकराला ये" म्हणून ती आठलाच निघाली. शिपाईकाकांनी हॉल उघडला. एका भिंतीला काळा कागद लावला होता. त्यावर डोळे नसलेली बाहुली, अंधारा बोळ, मुखवटे, आणि मधोमध सगळ्यांत मोठी मावशी. खाली परीक्षकांचा शेरा: 'हा चेहरा पाहून अंगावर काटा येतो.'

तिनं फ्रेम ओढून पाहिली. ती स्क्रूनं घट्ट बसवलेली होती. स्पर्धेच्या मॅडम साडेनऊनंतर आल्या.

"मॅडम, हा फोटो काढून टाका."

"अगं, पहिला नंबर आलाय तुझा! वेड लागलंय का?"

"ती माझी मावशी आहे. आजारानं तिचं तोंड तसं झालंय. मी चुकून या विभागात पाठवला."

मॅडम फोटोकडे बघत राहिल्या. "आम्हाला वाटलं, मेकअप केलाय," त्या हळूच म्हणाल्या. मग घसा साफ केला. "काढला तर नंबर रद्द होईल. आणि दुसऱ्या विभागाचं परीक्षण संपलंय."

"चालेल. पण ती यायच्या आत काढा."

मॅडम शिपाईकाकांना शोधायला गेल्या. ते स्टूल आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येईपर्यंत धांदल दाराकडे डोळे लावून उभी होती. काकांनी पहिला स्क्रू काढला. दुसरा फिरेचना.

"लवकर बस मिळाली बघ," मागून मावशीचा आवाज आला.

धांदल फोटो झाकायला त्याच्यापुढे उभी राहायला गेली. पण फोटो तिच्या डोक्याच्याही वर होता. मावशीनं आधी फोटो पाहिला, मग वरची 'भीतीदायक' अशी पाटी वाचली, मग शेरा. कुर्त्याचं वरचं बटण ती उगाच चाचपत राहिली.

"माझी भीती वाटते होय गं लोकांना?"

धांदल हुंदके देत सगळं बोलून गेली. अदलाबदल, निकाल, सगळं. मावशीनं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला कालच कळलं होतं."

"हो."

"आणि मी ओवा देत बसले," ती म्हणाली. "चूक कुणाचीही होते. पण मला इथे येऊन, चार लोकांसमोर कळावं?"

काकांनी फ्रेम उतरवून टेबलावर ठेवली. मॅडमनी मावशीची माफी मागितली आणि विचारलं, "स्पर्धेबाहेर म्हणून समोरच्या भिंतीवर लावू का?"

"नको," मावशी म्हणाली. "आज नको."

फ्रेम काखेत मारून ती बसस्टॉपकडे चालू लागली. धांदल दोन पावलं मागे. बसमध्ये मावशी खिडकीकडे तोंड करून बसली.

पुढचे आठ-दहा दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. फ्रेम कपाटामागे पडून होती. मग एका दुपारी धांदल कॉलेजातून आली, तर फ्रेम मशीनसमोरच्या खिळ्यावर टांगलेली. खाली एक बाई माप द्यायला उभ्या होत्या.

"कुणी काढलाय हो? छान आलाय," त्या म्हणाल्या.

"आमच्या पोरीनं," मावशी त्या बाईंकडे सरळ बघत म्हणाली. "हात वर करा बरं जरा."