जिभेला लावलेला सेल

“आ कर. अजून मोठा. जीभ वर कर बघू.”

घड्याळजींनी लाटसाहेबांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं होतं आणि डोळ्याला दुरुस्तीचं भिंग लावून ते आत बघत होते. आत दुधाचे दात होते, लालचुटुक जीभ होती आणि लाळ होती. लाळ जरा जास्तच होती.

“गिळलास का रे?”

लाटसाहेबांनी ओठ घट्ट मिटले आणि बहिणीकडे पाहिलं. वयाची चार वर्षंही पुरी व्हायची होती, पण अडचणीच्या वेळी गप्प बसण्याचं शहाणपण त्याला चांगलं होतं.

“तो नाही सांगायचा,” बहीण म्हणाली. ती दुसरीत होती आणि दोघांच्या वतीने बोलायचं काम तिचं होतं. म्हणून तर घड्याळजी तिला वकीलीणबाई म्हणत, आणि धाकट्याला लाटसाहेब. “तुम्ही रागवाल असं वाटतंय त्याला. मी बघितलं ना. आधी चाटला, मग हसला, मग एकदम गेला आत.”

“चाटला? सेल काय चाटायची वस्तू आहे?”

“मग तुम्ही नाही का चाटत?”

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. वकीलीणबाईंचा मुद्दा बिनतोड होता.

सेल चाटून बघायची सवय फार जुनी. कोपऱ्यावरच्या दुकानात बसायचे तेव्हाची. सुरुवातीला दुकानात सगळी चावीची घड्याळं यायची. मागचं झाकण उघडलं की आतलं चक्र डोळ्यांसमोर धडधडायचं आणि आजार कुठे आहे ते बघताक्षणी कळायचं. पुढे सेलवर चालणारी घड्याळं आली. ती उघडली तरी मेलेली आहेत की झोपलेली, याचा पत्ता लागायचा नाही. तपासायचं यंत्र मिळायचं, घड्याळजींनी ते घेतलंही होतं. पण ते खणात पडून राहिलं. सेल उचलायचा, एक कड जिभेच्या टोकाला आणि दुसरी ओठाला लावायची. खारट झिणझिणलं की जिवंत, नाहीतर गेला. गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं आणि घड्याळजी मजेत सांगायचे, “चव बघितल्याशिवाय आम्ही वाढत नाही.” दुकान बंद झालं तसं टेबल घरी आलं, भिंग आलं, आणि ही सवयही आली.

त्या दुपारी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचं प्रवासात न्यायचं गजराचं घड्याळ टेबलावर होतं. त्याचा सेल नाण्याएवढा, चपटा. घड्याळजींनी तो जिभेला लावला. दोन्ही मुलं टेबलाला नाक टेकवून बघत होती. “जिवंत आहे,” त्यांनी जाहीर केलं. “म्हणजे दुखणं दुसरीकडेच.” तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. मुलं असताना टेबलावर बारीकसारीक काही ठेवून उठायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम. तो त्यांनी इतकी वर्षं पाळला होता. दुधाने घात केला.

आता लाटसाहेबांची लाळ शर्टावर ओघळत होती. घड्याळजींनी पाण्याचा पेला पुढे केला, पण त्याने मान फिरवली आणि गळ्याशी हात नेला. सेल घड्याळात विसरून राहिला आणि गळला, तर काय होतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पितळ खातो तो. चांगली जाड पट्टी हिरवी पडून भुगा होते. आणि हा तर जिवंत होता; त्यांनी स्वतः चाखून बघितला होता.

“चप्पल घाल,” ते वकीलीणबाईंना म्हणाले. “आणि माझा शर्ट सोडायचा नाही.”

पोराला खांद्यावर टाकून ते जिना उतरले. एरवी याच जिन्यावर गुडघे धरून थांबणारा हा माणूस. पण त्या दिवशी त्यांना गुडघे आठवलेच नाहीत. दार सताड उघडं राहिलं. रस्त्यावर येताच त्यांनी समोरून येणाऱ्या टॅक्सीच्या पुढ्यातच उडी घेतली.

“आजोबा, मरायचंय का?” टॅक्सीवाला ओरडला.

“नाही रे बाबा, जगवायचंय! पोराने सेल गिळलाय. हॉस्पिटलला घे.”

टॅक्सीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो हॉस्पिटलच्या दारात उचलला.

वाटेत घड्याळजींनी पोराच्या आईला फोन लावला. ती वरच्या मजल्यावर राहायची. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. हिची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलं शाळेतून येत ती सरळ घड्याळजींकडे. फोनवर त्यांनी काय झालं ते सांगितलं, कुठे चाललोय ते सांगितलं. पलीकडून फक्त “आले” एवढंच ऐकू आलं. फोन खिशात टाकताना ते स्वतःशीच पुटपुटले, “संपलं. आता काही ही पोरं माझ्याकडे येत नाहीत.”

शर्ट धरून बसलेल्या वकीलीणबाईंनी ते ऐकलं. तिने शर्टावरची मूठ आणखी आवळली.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सेल म्हटल्याबरोबर त्या खुर्चीवरून उठल्या. फोटो काढला गेला. काळ्या काचेवर पोराच्या बरगड्या, आणि मधोमध एक पांढरा गोल.

“अन्ननलिकेत अडकलाय,” त्या म्हणाल्या. “भूल देऊन लगेच काढायला हवा. तुम्ही आजोबा का?”

“म्हणतात मला. नात्याचा नाही.”

“आईशी बोलणं करून द्या.” फोनवर आईने होकार दिला. पोराला आत नेलं. जाताना त्याने घड्याळजींच्या शर्टाची कॉलर धरून ठेवली होती. परिचारिकेने एकेक बोट सोडवलं.

मग बाहेरचं बाकडं. दोन माणसं, एक म्हातारा आणि एक दुसरीतली, पाय खाली सोडून बसली. एकाचे पाय जमिनीला टेकत होते एवढाच फरक.

घड्याळजींना स्वतःची लेक आठवली. ती आता दूरदेशी, तिचीच मुलं मोठी झालेली. तिचं लहानपण त्यांनी जवळजवळ ऐकूनच पाहिलं. दुकानात जायचे तेव्हा ती झोपलेली, यायचे तेव्हाही झोपलेली. जेवायला वाढता वाढता बायको बातम्या द्यायची. आज उभी राहिली. आज ‘बाबा’ म्हणाली. आज शाळेत रडली नाही. घड्याळजी मान डोलावत आणि घास घेत. आपण काय हरवतोय हे त्या वेळी कळलं नाही. लोकांची वेळ दुरुस्त करता करता गेली ती वर्षं. आणि बायको गेल्यावर बातम्या देणारंही कोणी उरलं नाही.

मग वरच्या मजल्यावरची ही पोरगी दारात आली होती. कडेवर रांगतं बाळ, बोटाला ही बडबडी. “काका, चार दिवस सांभाळाल? दुसरी सोय होईपर्यंत.” ते चार दिवस काही संपले नाहीत. दुपारी घरात सांडलवंड, भांडणं, रंगाने माखलेले हात. टेबलाखाली घर-घर मांडलेलं, आणि त्या घरात घड्याळजींना यायची परवानगी मागावी लागायची. लाटसाहेबांनी पहिलं पाऊल टाकलं ते घड्याळजींच्या खोलीत, खाट ते टेबल. घड्याळजी जागच्या जागी रडले. संध्याकाळी आई आली तेव्हा मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही; वकीलीणबाईंनाही दम देऊन ठेवला. रविवारी ती वरून धावत आली, “काका, चालला! आज पहिल्यांदा चालला!” आणि घड्याळजींनी, “काय सांगतेस!” म्हणून कपाळावर हात मारला. पहिलं पाऊल ऐकून बघण्यात काय असतं ते त्यांना ठाऊक होतं.

आई आली ती धावतच. केस विस्कटलेले, पायातलं एक पायताण तुटलेलं. डॉक्टरीणबाईही तेव्हाच बाहेर आल्या.

“निघाला. आत थोडं भाजलंय, पण वेळेत आलात. काही दिवस पातळ खायला द्या. बरा होईल.”

आई बाकड्यावर मटकन बसली आणि घड्याळजींचा हात धरून, त्यावर डोकं टेकून रडली. “काका, तुम्ही होतात म्हणून. दुसरं कोणी असतं तर त्यांना कळलंही नसतं.” मग डोळे पुसून म्हणाली, “मुलं म्हणजे काय, दिसेल ते तोंडात घालतात. तुम्ही तरी कुठे कुठे बघणार?”

सुटकेचं दार उघडं होतं. तिनेच उघडून दिलं होतं. घड्याळजींनी फक्त मान डोलवायची होती, आणि ते करायची त्यांना फार इच्छा झाली.

“आई, माझी चूक आहे,” वकीलीणबाई एकदम म्हणाली. ती उभी राहिली होती, शाळेत कविता म्हणायला राहतात तशी. “मीच दिला त्याला सेल. खेळायला. आजोबांनी नको म्हटलं होतं, तरी मी दिला.”

“तू?” आईचा चेहरा क्षणात बदलला. “एवढी मोठी घोडी झालीस, तुला अक्कल...”

“ओरडू नकोस तिला,” घड्याळजी म्हणाले. “खोटं बोलतेय ती.”

“नाही बोलत!” वकीलीणबाई किंचाळली. “आजोबा, तुम्ही गप्प बसा ना!” आणि ती घड्याळजींकडे अशा रागाने बघायला लागली, की जणू हातातला खटला यांनीच घालवला.

“सेल मी टेबलावर ठेवून गेलो,” घड्याळजींनी सांगितलं. “आणि त्याच्या आधी त्याच्यासमोर जिभेला लावला. मी रोज लावतो. आजोबा करतात ते त्याने केलं. पोराची काही चूक नाही, आणि हिची तर मुळीच नाही.”

आईने लेकीला जवळ ओढलं. घड्याळजींच्या हातावरचा तिचा हात केव्हा निघाला होता, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

लाटसाहेब बरे झाले. खिरीसारखं पातळ खाऊन कंटाळले, आणि घरी आल्यावर दोन दिवसांत जिन्यावरून उड्याही मारायला लागले. आई रजेवर होती. घड्याळजी रोज वर जाऊन चौकशी करत, दारातूनच. “या ना आत,” ती म्हणायची. “नको, काम आहे,” ते म्हणायचे. काम काही नव्हतं. टेबल त्यांनी मास्तरांच्या ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलं होतं, भिंगासकट.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी आई खाली आली. जिन्यात उभी राहून कठड्यावरची नसलेली धूळ पुसू लागली.

“काका, मी काय म्हणत होते...”

“पाळणाघर बघितलंस ना? शाळेमागचं?”

तिने मान खाली घातली. “तुमच्यावर राग नाही हो. देवाशप्पथ नाही. पण आता ऑफिसात बसले की...”

“लक्ष लागणार नाही तुझं. मला ठाऊक आहे. माझंही लागलं नसतं.” घड्याळजींचा आवाज अगदी सरळ होता. “बाई चांगली आहे म्हणतात तिथली. फक्त तिला एक सांगून ठेव. याला दुपारी झोप आली की तो रडतो. भूक लागली असं वाटतं, पण ती भूक नसते. त्याला जवळ घ्यायचं आणि आपल्या कानाची पाळी त्याच्या हातात द्यायची. चोळत चोळत झोपतो. कानात काही घालू नका म्हणावं, टोचतं त्याला.”

आईने वर पाहिलं. “रात्री तर नुसता पडतो नि झोपतो. मला हे माहीतच नाही.”

“दुपारचं आहे ते. आणि मोठीचं म्हणशील तर ती शाळेतून हसत आली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. तेव्हा विचारायचं नाही. समोर बसून आपण आपलं काहीतरी काम करायचं. थोड्या वेळाने आपणच सांगते.”

आई जिन्याच्या पायरीवर बसली. तोंडाला रुमाल लावून तिने स्वतःला सावरलं, आणि मग म्हणाली, “काका, आणखी सांगा.”

घड्याळजी वरच्या पायरीवर टेकले. कोणत्या ढगांना लाटसाहेब घाबरतात, कोणत्या गोष्टीतला राक्षस मरू द्यायचा नाही, दुधावरची साय कोणाला आणि तळाची साखर कोणाला, सगळं सांगितलं. आई ऐकत होती. मधेच हसत होती, मधेच डोळे पुसत होती. एकेकाळी बायको सांगायची आणि ते ऐकायचे; आज सांगायची पाळी त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवले, ताट विसळून ठेवलं, खिडकीचा पडदा ओढला. मग खोलीचं दार त्यांनी रोजच्या सवयीने हळूच, कडीचा आवाज होऊ न देता लावून घेतलं. आत झोपलेलं कोणी नव्हतं.