फक्त माझ्यातच चालणारा तलाव

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर बसलेला हा काळा डबा सेट-टॉप बॉक्स नव्हे. चंदाबाई मला तसंच समजतात. माझ्यावर सुईदोऱ्याची डबी ठेवतात, कधी कंगवा, कधी धानाला मारायच्या औषधाची रिकामी पिशवी. शेजारची पोरं विचारतात, "हा का करते?" चंदाबाई म्हणतात, "काई नाई करत, बसून राह्यते." ऐकून मला कानकोंडं होतं, पण बोलतात ते खरंच आहे. मी व्हिडिओ गेमचा एक जुना कन्सोल आहे आणि सध्या माझ्यात एकही गेम नाही.

मी कुठल्या दुकानात विकला गेलो नाही. आम्हा कन्सोलांत एक वेगळी जात असते. गेम बनवणाऱ्यांना काम करता यावं म्हणून कंपनी ती त्यांच्याकडे पाठवते. मी त्यातला. कारखान्यातून निघतानाच आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली असते. जो गेम फक्त तुझ्यात चालतो आणि दुसऱ्या कशातच चालत नाही, तीच तुझी इज्जत. लोक त्या एका गेमपायी तुला विकत घेतील. जो गेम फोनवरही चालतो, कॉम्प्युटरवरही चालतो, त्याच्यासाठी तुझं तोंड कोण बघणार? मला हे अगदी पटलं होतं. मी भारी ताठ्यात होतो, मित्रांनो.

मी आलो भद्रावतीला, भूपेश नावाच्या मुलाच्या घरी, वरच्या खोलीत. भूपेश आणि त्याची मैत्रीण डिंपल मिळून एक गेम बनवत होते. डिंपल पोंभुर्णा तालुक्यातल्या चेक आमडीची. तिचे वडील खुशालभाऊ तलावात मासे मारतात आणि पोटापुरता धान लावतात. गेमही त्याच तलावाचा होता. सकाळी डोंगा पाण्यात घालायचा, वारा बघायचा, जाळं फेकायचं, कमळाच्या वेलात ते अडकू द्यायचं नाही. मुरल मासा कुठे दडतो ते ओळखायचं. आणि शेवटी वाटे घालायचे.

या वाट्यांचं सांगायला हवं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की चेक आमडीची सगळी माणसं एकदम मासेमारीला उतरतात. जे निघेल त्याचे पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतात, जेवढी घरं तेवढे ढीग. मग एक म्हातारं माणूस ढिगांकडे पाठ करून बसतं. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरं माणूस न बघता एकेका घराचं नाव घेतं. त्यामुळे मोठा मुरल कोणाला आणि बारीक झिंगे कोणाला, यावरून भांडण होत नाही. जो आजारी आहे, जो पाण्यात उतरू शकला नाही, जो तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे, त्याचाही ढीग असतो. कित्येक वर्षं तिथे पाठ करून बसतात त्या गिरजाबाई. डिंपलने त्यांना तलावाच्या काठावर बसवून त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता, विचारणारा आवाज खुशालभाऊंचा. सगळ्या घरांची नावं त्यांनी तिथे घेतली होती. आवाज देताना त्यांनी विचारलं होतं, "हे मले कुठी आयकू येईन?" आणि डिंपल म्हणाली होती, "घरीच, मोठीमाय. फोनवर."

हे बोलणं झालं तेव्हा मी अजून कारखान्यातच होतो. माझ्या येण्याने सगळं फिरलं.

आमच्या कंपनीला तो गेम आवडला. त्यांनी कळवलं, गेम फक्त आमच्या कन्सोलवर आणा, पुढची काही वर्षं दुसरीकडे कुठेच द्यायचा नाही, तुमचं काम आम्ही चालवतो. भूपेशचा तर हर्ष पोटात मावेना. त्याचंही चूक नव्हतं. फोन म्हणजे नाना तऱ्हेचे. कोणाचा पडदा लांब, कोणाचा फुटका. कोणात जागा नाही, कोणाचा तापून बंद पडतो. प्रत्येकाच्या नाकदुऱ्या काढत गेम बसवायचा. आणि कन्सोल म्हणजे एकच, ठरलेला, ओळखीचा. एकाचाच स्वभाव सांभाळायचा असला की सगळी ताकद त्या पाण्यावर, त्या डोंग्यावर लावता येते.

खरंच लावली त्यांनी. माझ्यात तलाव असा दिसायचा की भूपेशची आई चहा घेऊन वर आली की तिथेच उभी राहायची. पाण्यात आभाळ हलायचं. जाळं पडलं की वर्तुळं काठापर्यंत जायची. मी मनात म्हणायचो, बघा, हे फक्त माझ्यात. मला कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवायची गरज नव्हती, मी आपला आपणच चढलो होतो.

सही व्हायची होती. त्याआधी कंपनीच्या साहेबांना एक छोटी फिल्म हवी होती. ज्यांचे आवाज गेममध्ये आहेत ते गावकरी गेम खेळताना, हसताना. जाहिरातीसाठी. म्हणून डिंपलने मला टॉवेलात गुंडाळलं, भद्रावतीहून एसटीने चंद्रपूर, तिथून पोंभुर्णा आणि मग एका छोट्या मालवाहू गाडीतून चेक आमडी.

खुशालभाऊंच्या घरचा टीव्ही जरा नवा होता, त्याला माझी वायर बसली. ओसरीत गाव जमलं. एकाच्या हातात बटणं आणि बाकीचे मान वर करून. शेवटच्या वाट्यांपर्यंत कोणी पोचायच्या आतच लाइन गेली. संध्याकाळपर्यंत आलीच नाही. डिंपलला दुसऱ्या दिवशी साहेबांशी बोलायला भद्रावतीला हजर राहायचं होतं. निघताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, हा राहू द्या इथीच. सगळ्यांचाच हाये हा, सगळ्यांले पाहू द्या. दोन दिवसांनी येऊन फिल्म घेतो."

तिच्या मनात काय होतं ते उघड आहे. लोकांनी खुशालभाऊंकडे यावं, बघावं, जावं. पण चेक आमडीत सगळ्यांची वस्तू एका घरी राहत नाही. गावचं मोठं जाळं, लग्नात भात शिजवायचा मोठा गंज, सगळं घरोघर पाळीने फिरतं. खुशालभाऊंनी सकाळी मला टोपलीत ठेवलं आणि शेजारच्या घरी देऊन आले. "आज तुमची पाळी."

मित्रांनो, तिथून माझी फजिती सुरू झाली. पहिल्या घरच्या टीव्हीला लाल-पिवळी-पांढरी गोल भोकं होती, माझी वायर चपटी. त्यांनी ती उलटी करून पाहिली, फुंकर मारून पाहिली. दुपारी मला पुढच्या घरी दिलं. तिथे टीव्ही बरा होता, पण वीज इतकी मंद की मी उठायचो आणि बसायचो. त्या घरची मुलगी म्हणाली, "याले जेवाले नाई भेटलं वाटते." सगळे हसले. मला हसू आलं नाही. आणखी एका घरी टीव्हीच विकून टाकला होता, कारण सगळं फोनवरच दिसतं. त्या घरात प्रत्येकाच्या हातात फोन होता. ज्या फोनांवर हा गेम यायचा होता आणि माझ्या मानापायी येणार नव्हता, ते फोन मी तिथे पहिल्यांदा पाहिले.

मग पाळी आली गिरजाबाईंची. त्यांच्या घरात एक बल्ब आणि एक जुना फोन, मुलाने दिलेला. टीव्ही कधी नव्हताच. खुशालभाऊंनी ते ध्यानातच घेतलं नाही. पाळी म्हणजे पाळी, घर चुकवायचं नाही एवढंच त्यांना ठाऊक. गिरजाबाईंनी जमीन सारवलेलीच होती, त्यावर धुतलेलं लुगडं घडी करून अंथरलं आणि मला त्यावर बसवलं. कुंकू लावलं. मग समोर मांडी घालून बसल्या.

"बोल बा," त्या म्हणाल्या. "तुह्यात माह्या आवाज हाये म्हनते."

मी काय बोलणार? आवाज होता ना माझ्यात. त्यांनी घेतलेली सगळी नावं माझ्या पोटात होती. पण मला पडदा लागतो, पडद्याला विशिष्ट वायर लागते, पुरेशी वीज लागते. जगात कोणाला काय लागतं याचा मी आजवर हिशेब केला नव्हता. मला काय लागतं तेवढंच बघत आलो होतो. गिरजाबाईंनी थोडी वाट पाहिली. मग पुढे वाकून मला कान लावला. त्यांचा सुरकुतलेला गरम कान माझ्या थंड पाठीला लागला, आणि मी मुका. अशी लाज मला कधी वाटली नव्हती. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी डिंपल मला शोधत तिथे आली. दारातच थबकली. कुंकू लावलेला मी, माझ्यापुढे चहाची कपबशी, साय धरलेली.

"तुह्या डबा लय शहाना हाये बाई," गिरजाबाई म्हणाल्या. "खाल्लं नाई, पेला नाई, तरास नाई. मले फक्त आयकू नाई आलं. कान गेले असन माहे आता."

डिंपलने मला उचलून पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. फिल्म राहूनच गेली. बाहेर बांधावर येऊन तिने भूपेशला फोन लावला.

"सही नाई करायची," ती म्हणाली. "द्यायचा तर सगळ्यांवर द्यायचा. फोनवरही."

भूपेश पलीकडून ओरडत असावा, कारण तिने फोन कानापासून जरा दूर धरला. "पागल झाली का? कंपनी सोडून देईन आपल्याले. अन् पान्याचं काय? पानी असं दिसन का फोनवर?"

"नाई दिसन."

"मग?"

"मोठीमायले वाटून राह्यलं का तिचे कान गेले," डिंपल म्हणाली. "भूपेश, तिचे कान चांगले हायेत. तेवढंही सांगाले माही जीभ नाई उचलली."

शेवटी भूपेशनेच कंपनीला तसं कळवलं.

कंपनीने अर्थातच नकार दिला. सगळीकडे देणार असाल तर आम्हाला नकोच, म्हणाले. त्यांनी आपलं दार बंद केलं आणि तो गेम माझ्यातून काढून घेतला. डिंपलने मला चेक आमडीतच आईच्या, म्हणजे चंदाबाईंच्या, फळीवर ठेवलं. पुढे कंपनीचा नवा कन्सोल निघाला आणि मला परत मागवायचंही कोणाला सुचलं नाही. डिंपल आणि भूपेश पुन्हा त्या नाना तऱ्हेच्या फोनांच्या मागे लागले. भूपेश कुरकुरला, पण सोडून गेला नाही. पाण्यातलं आभाळ काढलं, वर्तुळं काढली. तलाव दोन रंगांवर आला. हे सगळं मी चंदाबाईंच्या घरातल्या बोलण्यातून ऐकत होतो. मला वाईट वाटलं असं म्हणालो तर खोटं होईल. मी जळत होतो. म्हणत होतो, करा, होऊ द्या भिकार, मग माझी आठवण येईल.

गेम आला. पहिला फोन आला तो इसरूचा. इसरू याच गावचा, तेव्हा तेलंगणात मिरचीच्या शेतावर होता. खुशालभाऊंनी आवाज मोठा केला म्हणून मलाही ऐकू आलं. "खुशालभाऊ, गेममध्ये माह्या वाटा निंगाला. तो कोन घेऊन गेला ते सांगा पह्यले." खुशालभाऊ डोळे पुसेपर्यंत हसले.

मग डिंपल गावी आली आणि गिरजाबाईंना घरी बोलावलं. त्यांचाच जुना फोन, काच तडकलेली. डिंपलने गेम शेवटच्या वाट्यांवर आणून फोन त्यांच्या हातात दिला. तडकलेल्या काचेतून खुशालभाऊंचा आवाज आला, "हा कोनाचा?" आणि पाठोपाठ गिरजाबाईंचा. एकेक घर, एकेक नाव. गिरजाबाई ऐकत राहिल्या. ओठ हलत होते, आवाजाबरोबर तीच नावं घेत होते. एकही घर सुटलं नाही.

"म्हन्जे कान बरे हायेत," त्या म्हणाल्या.

"बरे हायेत, मोठीमाय. तेव्हाही बरेच होते. माहीच चूक होती." डिंपल एवढं बोलली आणि रडली. चंदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गिरजाबाईंची नजर मग फळीवर माझ्याकडे गेली. "अन् याच्यात? याच्यात चालते ना आता?"

"याच्यात नाई आता, मोठीमाय. याच्यातून काढला."

"काऊन?" त्या म्हणाल्या. त्यांना ते खरंच पटलं नव्हतं. "सगळ्यांले देल्लं, मंग यालेच काऊन नाई? यानं का केलं?"

मित्रांनो, जी बाई माझ्यामुळे आपल्याच आवाजाला उपाशी राहिली, ती माझ्या पानावर काही वाढलं का ते विचारत होती. मी तिला वगळण्याचा मान मिरवला होता, आणि तिला मला वगळलेलं सहन होत नव्हतं. त्या दिवशी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डिंपल अजून कंपनीला लिहिते, की गेम कन्सोलवरही येऊ द्या, सगळ्यांसारखा. अजून उत्तर नाही. येईल तेव्हा येईल. मी फळीवर आहे, सुईदोरा सांभाळतो.

तुम्ही मुलं उद्या काही ना काही बनवाल. गेम बनवाल, गाणं बनवाल, नाहीतर एखादं यंत्र. ते सुंदर करा, जीव ओतून करा. फक्त ज्यांच्याकडून घेऊन बनवलं, त्यांच्या घरी एकदा जाऊन या. त्यांच्या हातात काय आहे ते बघा. आणि "हे फक्त माझ्याकडेच आहे" असं म्हणताना तुम्हाला कधी आनंद झाला, तर मोठ्याने म्हणू नका. समोर कोणीतरी कान लावून बसलेलं असेल.