देवमनचे असंख्य चाहते

अकोल्यात कुलसुमबींचं फुलांचं दुकान आहे. त्याची वेबसाइट बनवली अमरावतीच्या दामिनीनं. घरबसल्या हार निवडायचा, सोबतच्या कार्डावर काय लिहायचं ते टाइप करायचं, की दुकानातल्या यंत्रातून कार्ड छापून बाहेर. सुरुवातीला हाताशी असावं म्हणून दामिनी स्वतः दुकानात येऊन बसली.

मुहूर्तही जोरदार लागला. आदल्याच दिवशी भाजीबाजाराच्या व्यापारी मंडळाची निवडणूक झाली होती. देवानंद अध्यक्ष झाले आणि देवमन पडले. दोघं जुने दोस्त, पण उमेदवारी अर्ज भरल्यापासून बोलणं बंद. सकाळभर हारांच्या ऑर्डरी येत राहिल्या आणि दामिनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिली.

दुपारी देवमन गळ्यात हार घालूनच दुकानात शिरले. चेहऱ्यावर पराभवाचं नावनिशाण नाही. हातातलं कार्ड त्यांनी खड्या आवाजात वाचलं, "विजयाबद्दल अभिनंदन! खरे अध्यक्ष तुम्हीच. तुमचे असंख्य चाहते." मग म्हणाले, "कुलसुमबी, हे चाहते कोण ते सांगा फक्त. मी फेरमोजणी मागतो!"

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. बारशासाठी हार पाठवलेल्या एका घरून विचारणा होती, की आमची मुलगी कशाची अध्यक्ष झाली?

कुलसुमबी हसता हसता फुलांच्या टोपलीवर कलल्या.

दामिनीनं लॅपटॉप उघडला आणि चूक लगेच दिसली. लिहिण्याचा, दाखवण्याचा आणि छापण्याचा असे तीन भाग तिनं वेगळे केले होते खरे. पण सगळ्या ऑर्डरींसाठी कार्डाचा डेटा एकच ठेवला होता. प्रत्येक भाग त्याच एका डेटाला हात लावत होता. देवानंदच्या कुणा समर्थकानं शेवटी जे लिहिलं, तेच छापायच्या राहिलेल्या सगळ्या कार्डांवर उमटलं.

सांगावं की नाही? माणूस इतका खुशीत होता.

"सांगून टाक बेटा," कुलसुमबी कानाशी पुटपुटल्या. "नाई तं हा मिरवणूक काढन."

दामिनीनं सांगितलं. देवमन स्टुलावर बसले.

"म्हंजे चाहते नाईतच?"

"आहेत काका. पण देवानंदकाकांचे."

"मंग हा हार कोनाचा?"

पाठवणाऱ्याचं नाव वेगळं साठवलेलं होतं, म्हणून ते शाबूत होतं. दामिनीनं ते शोधून काढलं. "हासुद्धा देवानंदकाकांचाच. त्यांनी काय लिहिलं होतं, ते मात्र पुसलं गेलं."

"मले जळवाले पाठवला असन!"

"विचारूनच घेऊ," म्हणत तिनं आपल्या मोबाइलवरून देवानंदना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. झाला प्रकार ऐकून देवानंद वैतागले. "अवं पोरी, मी लिवलं होतं, तुह्यावाचून मिरवणुकीत मजा नाई आली, राग सोड, घरी ये. गेलंच नाई का ते?"

देवमन उठून फोन हातात घेत ओरडले, "मजा नाई आली म्हनते! मंग माह्याविरुद्ध उभा काहून रायला?"

"तू काहून रायला?"

दोघं जे भांडायला लागले ते थांबेचनात. भांडता भांडता देवमन केव्हा देवानंदच्या घराकडे निघाले, हे त्यांनाही कळलं नसावं. फोन तेवढा दामिनीचाच सोबत गेला.

ती कामाला लागली. प्रत्येक ऑर्डरीला स्वतःचं वेगळं कार्ड दिलं. बदल फक्त लिहिणाऱ्या भागानं करायचा; बाकीच्यांना प्रत मिळणार, ती नुसती वाचायची. मग तिनं कुलसुमबींना दोन कार्डं सांगायला लावली. एक होतं बारशाच्या घरी माफी मागणारं, दुसरं त्यांच्या नवऱ्याला, कुर्बानभाईंना, "जेवण गरम करून ठेवा" असं.

यंत्रातून दोन निराळी कार्डं बाहेर पडली. कुलसुमबींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "आता कोनाचं कोनाले जात नाई. जा बेटा, फोन घेऊन ये. दोघं अजून भांडूनच राहिले असतीन."