गुरुजींच्या सायकलींचे वार

धावड्याच्या तातेराव गुरुजींकडे पाच सायकली होत्या आणि त्यांतल्या एकीलाही सवड नव्हती.

बसायला माणूस एकच, हे गुरुजींनाही कळत होतं. पण सायकली काही ठरवून येत नाहीत. पहिली त्यांनी पहिल्या पगारातून नवीन जालन्यात घेतली आणि दीड दिवस चालवत गावी आणली. दुसरी लग्नात सासऱ्यानं दिली. तिसरी ग्रामसेवकाची. बदली झाली तेव्हा ती ट्रकात मावली नाही, आणि गुरुजी नेमके ट्रकाजवळ उभे होते. उरलेल्या दोन कशा आल्या हे विचारायचं कौसल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कधीच सोडून दिलं होतं.

सायकल नुसती उभी राहिली की टायर बसतो, चेन गंजते आणि मुख्य म्हणजे ती लोकांच्या डोळ्यांवर येते. गावात रिकामी दिसलेली वस्तू मागायला कुणाला लाज वाटत नाही, आणि गुरुजींना तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून त्यांनी शाळेच्या कागदावर लाल शाईनं रेघा मारून वेळापत्रक केलं आणि ते भिंतीला चिकटवलं. सोमवारी काळी, मंगळवारी हिरवी, असं शुक्रवारपर्यंत. शनिवारी आठवड्यात जी कमी चालली असेल ती. रविवारी सगळ्यांना तेलपाणी.

शाळा तीन मैलांवर होती. तेवढ्यानं एकीचंच भागायचं, बाकीच्या अवघडायच्या. मग गुरुजी दळण दोन खेपांत नेऊ लागले, एक खेप हिरवीवर, एक लग्नातलीवर. पत्रं टाकायची असली तर एकेक करून टाकायला जात. संध्याकाळी कुणी गप्पा मारायला बोलावलं तर म्हणत, "अजून ग्रामसेवकाची राह्यली." त्यांना फार काम असतं, असा गावात समज होता.

एका बुधवारी शेजारचा सर्जेराव हिरवी मागायला आला. गुरुजी म्हणाले, "आज तिचा वार न्हाई."

सर्जेरावाच्या घरी सोमवारी बैल जुंपत नसत आणि गुरुवारी बायका न्हात नसत. वार म्हटल्यावर त्याला पुढं विचारायचं काही उरलंच नाही. "मंग न्हाई म्हणा," म्हणून तो मुकाट्यानं परत गेला आणि ही गोष्ट त्यानं चार घरी सांगितली. त्यानंतर सायकल मागायला कुणी आलं नाही. गल्लीतल्या गोजरबाईनं तर एका सोमवारी जाता जाता काळीच्या हँडलला हळदकुंकू लावलं.

ते नेमकं गुरुजींच्या वडलांनी, भिवाआबांनी पाहिलं. छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडून आलेला हा माणूस. ते हँडलकडं बघत म्हणाले, "म्या देव सोडून आल्तो. अन् तू सायकलींना वार लावून राह्यला."

गुरुजींनी रॉकेलच्या फडक्यानं हळदकुंकू पुसलं. वेळापत्रक मात्र राहिलं.

चौऱ्याहत्तर साली बेबीनंदा सातवी पास झाली, केंद्रात पहिली. गुरुजींची ही एकुलती एक पोरगी. पुढचं हायस्कूल पाच मैलांवर, आणि तिकडं जाणारी एसटी पोचायची ती मधली सुट्टी झाल्यावर. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. जाफराबादकडचं एक स्थळ कौसल्याबाईंच्या भावानं सांगून ठेवलं होतं, पोरगी घरी बसली की ते लोक बघायला येणार होते. बेबीनंदाला हे सगळं ठाऊक होतं.

"बाबा, मला एक सायकल द्या," ती म्हणाली.

"तुला येते का?"

"येते. रविवारी तुमी झोपले की चालवत असते. दांडीखालून पाय घालून."

गुरुजींनी कौसल्याबाईंकडं पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या आणि त्यांना तांदळाशिवाय काही दिसत नव्हतं.

"दिवाळीला तुला नवी घेऊ," गुरुजी म्हणाले.

"दिवाळीला मी इथं असंल का?"

गुरुजींनी भिंतीकडं बोट केलं. "बघ की. एक तरी दिवस रिकामा हाय का?"

बेबीनंदा उठून वेळापत्रकापाशी गेली. केंद्रात पहिली आलेली पोरगी, तिला फार वेळ लागला नाही. "सोमवारी तुमी काळी नेता, मी मंगळवारची नेते. मंगळवारी मी बुधवारची नेते. अशानं समद्या दोनदा चालतील. तुम्हाला दळण बी दोनदा न्यावं लागणार न्हाई."

गुरुजींनी चूक शोधून पाहिली. हिशेबात चूक नव्हती. त्यांना पोरगी शिकायला हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि तरी हात किल्ल्यांकडं जात नव्हता. याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं. "बघू," ते म्हणाले. "आज काही न्हाई सांगता येत."

कोपऱ्यात पडलेले भिवाआबा उठून बसले.

"तातेराव, सर्जेरावाच्या बापाची सायकल ध्यानात हाय का? गावात तेवढी एकच होती."

गुरुजींनी मान डोलावली.

"तू तिला हवा भरायचा, चाकांचा चिखल काढायचा. बसू का म्हणून रोज इचारायचा. त्यो कधी नको म्हणला न्हाई तुला. 'आज न्हाई' म्हणायचा." आबांनी अंगावर घोंगडी ओढली. "रोज म्हणायचा."

मग ते परत आडवे झाले. कौसल्याबाईंचा हात तांदळात थांबला होता.

गुरुजींनी उठून खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बेबीनंदापुढं धरला. "कोणती पायजे ती घे."

तिनं काळीची किल्ली काढून घेतली. काळी म्हणजे पहिल्या पगाराची. गुरुजींनी उरलेला जुडगा परत खुंटीला अडकवला.

शाळा उघडली ती सोमवारी. बेबीनंदा दांडीखालून पाय घालून, दप्तर कॅरियरला बांधून निघाली आणि गावाबाहेरच्या चढावर उतरून ढकलत, पुन्हा बसून दिसेनाशी झाली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. काळी गेली होती आणि बाकीच्या चौघींचा आज वार नव्हता. ते चालत निघाले.

तीन मैलांत पाच जण भेटले. गुरुजींच्या बुडाखाली सायकल नाही, हे कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. जो तो विचारायचा, "गुर्जी, सायकल कुठं हाय?" गुरुजी थांबून सांगायचे, "बेबीनंदानं नेली. हायस्कूलला गेली ती." शाळेच्या गावाच्या वेशीवर भुजंग न्हावी भेटला, त्याला तर त्यानं विचारायच्या आतच सांगितलं.