तिकीटवाल्याची साक्ष

पोहण्याच्या तलावाच्या फोटोवर बोट टेकवण्याआधी त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. वाचनालयाच्या दाराशी ठेवलेलं ते यंत्र माणसाच्या उंचीचं होतं. पडद्यावर गावातल्या जागांचे फोटो. त्यांना हात लावला की लोकांनी सांगितलेल्या आठवणी ऐकू यायच्या. आपली सांगायची तर खाली लाल बटण.

"काका, तुम्ही तलावावर जीवरक्षक होतात ना?" ग्रंथपाल बाईंनी टेबलामागून विचारलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिकीटवाले काका म्हणाले. मागच्या आठवड्यात अर्धा तास बोलून गेले इथे."

म्हणजे कानावर आलं ते खरं होतं. सकाळी बायको म्हणाली होती, "अहो, बोलू दे की त्याला. तुमचं काय जातंय?" काय जातंय ते त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, आठ वर्षांची एक मुलगी त्या तलावात बुडाली. तेव्हा तो पंपघरामागे सिगारेट ओढत होता. पाचच मिनिटं. तिकीटखिडकीतून पंपघर सरळ दिसायचं. तरी चौकशीत तिकीटवाल्याने सांगितलं, हा जागेवरच होता. त्या दिवसापासून त्याने तिकीटवाल्याची धास्ती घेतली. हा माणूस कधीतरी सगळं उकरून काढणार. तिकीटवाला समोरून आला की तो रस्ता बदलायचा. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तिकीटवाला स्वतः घरी आला, तर गोड बोलून काय पदरात पाडून घेतोय, असं मनात म्हणत त्याने त्याला दारातूनच वाटेला लावलं.

आता यंत्रातून तिकीटवाल्याचा आवाज आला. थकलेला, मधेच धाप लागणारा. सुट्टीतल्या रांगा, फुटक्या फरशा, उन्हात वाळत घातलेले टॉवेल. मग जरा थांबून:

"एक पोर गेली तिथे. लोक अजून जीवरक्षकाला बोल लावतात. मी खिडकीतून बघत होतो. तो जागेवर होता, पहिली उडी त्यानेच मारली. एवढं नीट राहू दे इथे. आम्ही दोघं गेल्यावर कुणी विचारलं तर."

त्याने ते पुन्हा लावलं. कान पडद्याला टेकवून ऐकलं. एखादा टोमणा, एखादं खोचक हसू कुठेतरी असणारच. तिसऱ्यांदाही त्याला काही सापडलं नाही.

"बरोबर सांगितलंय ना त्यांनी?" बाईंनी विचारलं.

बाजूची खुर्ची ओढून तो बसला, शर्टाला हात पुसले आणि लाल बटण दाबलं.

"मी तलावावर जीवरक्षक होतो," तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. "तिकीटवाल्याने माझ्याबद्दल सांगितलं ते खरं नाही. तो माझ्यासाठी खोटं बोललाय. तेव्हाही बोलला होता."

बाईंच्या हातातलं पुस्तक उघडंच राहिलं. तो बोलत होता.